एमजी जे२ (१९३२-३४): घ्यावी का, आणि घेतलीच तर काय बदलावं, काय अजिबात बदलू नये

आधीच सांगून टाकतो, युद्धापूर्वीच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधली चालवायला, दुरुस्त करायला आणि जीव लावायला एकच गाडी निवडायची असेल तर माझं मत एमजी जे२ ला. बेंटली, एसएस १०० वगैरे गाड्या सुंदरच आहेत, पण त्यांचा खर्च वेगळा आणि त्या जास्त करून गॅरेजमध्येच उभ्या असतात. जे२ ही इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात बनलेली छोटीशी टू सीटर, ८४७ सीसीचं इंजिन, सहाशे किलोच्या आसपास वजन, आणि दोन वर्षांत एकूण २,०८३ बनल्या. मी इंग्लंडात राहतो, मी आणि माझा एक मित्र अशी आमच्या दोघांत मिळून एक आहे, अर्धी जोडलेली अर्धी खोक्यांत अशी घेतलेली आणि एका लहान वर्कशॉपच्या मदतीने परत रस्त्यावर आणलेली, त्यामुळे हा रिव्ह्यू गाडीचाही आहे आणि ती नीट करून घेण्याच्या कामाचाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं की जे२ च्या पोटात जे मोडतं ते बिनधास्त नवीन घाला, पण बाहेरून ती ॲबिंग्डनच्या दारातून जशी निघाली तशीच राहू द्या. तिला दुसरी कुठली तरी जास्त भारी गाडी बनवायला जाऊ नका. हल्ली नेमकं उलटं चाललंय म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

दिसण्याबद्दल काय बोलायचं. लांब बॉनेट, डॅशबोर्डच्या वर ते दोन उंचवटे, कोपर बाहेर काढता येईल असे खोल कापलेले दरवाजे, पुढे पाडता येणारी काच, मागे सपाट पेट्रोलची टाकी आणि तिच्या पाठीला टेकवलेलं स्पेअर चाक. ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यासमोर जे चित्र येतं ना, ते लोकांच्या मनात पक्कं केलं या गाडीने, आणि एमजीने तोच साचा १९४९ पर्यंत बनलेल्या टीसी मॉडेलपर्यंत चालवला. आत बसलात की मात्र कळतं की ही गाडी लहान माणसांसाठी आहे, दोन जाड माणसं जाड कोट घालून बसली तर गिअर बदलताना शेजाऱ्याच्या गुडघ्याशी सलगी होणारच. पाय पण जपून टाकावे लागतात, पेडल इतके जवळजवळ आहेत की रुंद बूट चालत नाहीत, पातळ तळव्याचे अरुंद शूज घ्या.

आता ही गाडी अशी का आहे ते समजून घेतल्याशिवाय रिस्टोरेशनच्या नादाला लागू नये असं मला मनापासून वाटतं, कारण तिचे सगळे गुण आणि सगळी दुखणी एकाच ठिकाणून आलीयेत. सेसिल किंबर हा ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचा (एमजी हे नाव त्यावरूनच) मॅनेजर, त्याची सगळी हुशारी अशी की मॉरिसच्या साध्या घरगुती गाड्यांचे स्वस्त पार्ट घ्यायचे आणि त्यातून तरुण माणसाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार काढायची. १९२९ ची एम-टाइप मिजेट म्हणजे खाली मॉरिस मायनर आणि वर प्लायवूड व कापडाची हलकी बॉडी, किंमत १७५ पौंड. त्या मायनरचं इंजिन मुळात वुल्सलीचं. वुल्सलीने पहिल्या महायुद्धात हिस्पानो-सुइझाची विमानाची इंजिनं लायसन्सवर बनवली होती, तिथून ते ओव्हरहेड कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा इंजिनाच्या डोक्यावर, आणि तो फिरवायला उभा शाफ्ट ही पद्धत शिकले, मग वुल्सली बुडाली आणि १९२७ मध्ये विल्यम मॉरिसने ती विकत घेतली आणि ते सगळं ज्ञान एका छोट्या फॅमिली कारच्या बॉनेटखाली येऊन बसलं. १९२८ साली एवढ्या स्वस्त गाडीत ओव्हरहेड कॅम, ही खरंच मोठी गोष्ट होती.

दुसरी गोष्ट टॅक्सची. त्या काळी ब्रिटनमध्ये गाडीचा वार्षिक कर आरएसी हॉर्सपॉवरवर लागायचा, एका हॉर्सपॉवरला एक पौंड, आणि ती हॉर्सपॉवर मोजायची कशी तर फक्त सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडर किती यावरून, पिस्टन वरखाली किती जातो याला हिशोबात जागाच नव्हती. मग सगळ्या कंपन्यांनी एकच केलं, सिलिंडर बारीक ठेवला आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची ती धाव, लांब केली. जे२ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८३, कागदावर ती आठ हॉर्सपॉवरची आणि प्रत्यक्षात ५,५०० आरपीएमला ३६ बीएचपी देणारी. मालकाचा टॅक्स वाचला, पण लांब स्ट्रोक म्हणजे क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या धावेने गोल फिरणाऱ्या दांड्याच्या) लांब भुजा, आणि या इंजिनाचा क्रँक फक्त दोन बेअरिंगवर उभा आहे, एक पुढे एक मागे, मध्ये आधारच नाही. साध्या मायनरमध्ये हे चालून गेलं कारण ती गाडी कुणी पळवत नव्हतं. किंबर आणि त्याचा डिझायनर एच. एन. चार्ल्स यांनी त्याच ब्लॉकवर क्रॉसफ्लो हेड बसवलं, म्हणजे एका बाजूने पेट्रोल-हवा आत आणि दुसऱ्या बाजूने धूर बाहेर, दोन एसयू कार्ब्युरेटर दिले, चार गिअर दिले, आणि मग तो बिचारा क्रँक वरच्या आरपीएमला अक्षरशः वाकायला लागला.

यात भर पडली ती ऑटोकार मासिकाच्या टेस्टची. कारखान्याने टेस्टला दिलेली गाडी खास तयार केलेली होती आणि तिने ताशी ८० मैल गाठले, ते छापून आलं, आणि १९९ पौंड १० शिलिंग भरून गाडी घरी नेलेल्या प्रत्येकाला वाटलं की आपली पण ८० जायला पाहिजे. साधी जे२ तेवढी जात नव्हती. लोक पाय दाबून ठेवायचे आणि क्रँक तुटायचे. कारखान्याला हे पुरतं कळलं, म्हणूनच १९३४ मध्ये आलेल्या पी-टाइपला तीन बेअरिंगचा क्रँक दिला.

त्यामुळे जे२ बघायला गेलात तर पहिला प्रश्न एकच, क्रँक कुठला आहे. जुना असेल तर किंमत करताना तो तुटलेलाच आहे असं धरून चाला. आज ईएन४०बी नावाच्या स्टीलचे, नायट्राइड करून कडक केलेले, काउंटरवेट असलेले नवीन क्रँक मिळतात, त्यासोबत नवीन स्टीलचे कनेक्टिंग रॉड आणि शेल बेअरिंग. मूळ रॉडमध्ये बेअरिंग म्हणून व्हाइट मेटल हा मऊ धातू ओतलेला असायचा, ते ओतून मापात कापणारे कारागीर आता कमी राहिलेत आणि काम महाग. काही जुने जाणकार म्हणतात की नवीन क्रँक घातला की इंजिन खरं राहिलं नाही. त्यांचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. जुना क्रँक तुटतो तेव्हा एकटा जात नाही, रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो, आणि ब्लॉक गेला की मग काय राहिलं, १९३२ चे ब्लॉक आता कुठे नव्याने बनून येणार आहेत. क्रँक बदलणं म्हणजे ब्लॉक वाचवणं. आमच्या गाडीत नवीन आहे, आणि जुना तेल लावून, कागदात गुंडाळून गाडीबरोबरच ठेवलाय, उद्या कुणाला हवा असेल तर हजर आहे. मला तरी हीच पद्धत बरोबर वाटते.

डायनामोची गंमत वेगळीच आहे. कॅमशाफ्ट फिरवणारा तो उभा शाफ्ट म्हणजे प्रत्यक्षात डायनामोचाच शाफ्ट आहे, डायनामो इंजिनाच्या तोंडाशी उभा ठेवलाय आणि त्याच्या आतून हेडकडे ड्राइव्ह जातो. डिझाइन म्हणून बघताना मला ते अजूनही देखणं वाटतं, जागा वाचते, वजन वाचतं, एकाच दांड्यात दोन कामं. पण वर कॅमशाफ्टला तेल पाहिजे आणि खाली डायनामोला तेल अजिबात नको, आणि गुरुत्वाकर्षण आपलं काम करणारच. सील थकलं की तेल डायनामोत उतरतं, चार्जिंग जातं आणि मग रात्री दिवे पिवळे पडतात. यावर आधुनिक लिप सील बसवतात, बाहेरून काही दिसत नाही, जरूर करून घ्या. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स पण या इंजिनात रॉकरच्या एक्सेंट्रिक बुशने जुळवायचं असतं, स्क्रू आणि लॉकनट नाही, त्यामुळे ज्या मेकॅनिकने ही इंजिनं उघडलेली नाहीत त्याच्या हातात देऊ नका, हुशार असला तरी नको.

वर्कशॉपबद्दल. नाव देत नाहीये कारण ते लोक नवीन काम घेतच नाहीत सध्या, आणि मला त्यांच्याबद्दल चांगलं पण बोलायचंय आणि तक्रार पण करायचीये. ऑक्सफर्डशायरमधल्या एका शेतावरच्या शेडमध्ये मोजकीच माणसं काम करतात. चांगलं काय, तर गाडी सोडवायच्या आधी त्यांनी सगळं मोजलं, दरवाजाच्या फटी, चासीचे कर्ण, स्टिअरिंगचा कोन, प्रत्येक गोष्टीचे फोटो काढले, प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावली. जुन्या गाडीत ही शिस्त म्हणजे अर्धं काम, कारण नव्वद वर्षांत कुणी कुणी काय काय करून ठेवलंय हे एकदा सुटं झालं की कळतच नाही. दर महिन्याला तासांचा हिशोब यायचा, कुठल्या कामाला किती, फोटोसकट. आणि सगळ्यात आवडलेलं म्हणजे प्रत्येक पार्टला आधी विचारायचे की हा वाचेल का, नवीन कुठून मागवायचा हा प्रश्न नंतर. डॅशबोर्डचा एक कंस गंजून चाळण झाला होता, तो त्यांनी चांगला भाग ठेवून उरलेला वेल्ड करून उभा केला, नवीन बनवणं स्वस्त पडलं असतं तरी.

तक्रार म्हणाल तर वेळ. सांगितलेल्या तारखेला काहीही झालं नाही, एकदाही नाही. क्रोमचं काम बाहेर दिलं होतं, ते परत यायला इतका उशीर लागला की बाकी सगळी गाडी रेडिएटरच्या कवचासाठी थांबून राहिली, आणि त्या काळात फोन उचलत नव्हते. काम उत्तम करणाऱ्या माणसाने फोन पण उचलावा एवढी अपेक्षा ठेवणं काही जास्त नाही. पैसे देणारा माणूस शांत बसतो तो विश्वासावर, आणि दोन ओळींच्या मेसेजने तो विश्वास टिकतो. तरीही परत त्यांच्याकडेच देईन का? हो, देईन.

बॉडीचं काम म्हणजे या गाडीचा खरा आत्मा, त्याबद्दल थोडं सविस्तर. जे२ ची बॉडी म्हणजे ॲश लाकडाची चौकट आणि तिच्यावर ठोकलेला पातळ पत्रा. ॲश हेच लाकूड का, तर ते लवचिक आहे, धक्का सोसतं, सरळ दोऱ्याचं असतं आणि स्क्रू मारला तरी पटकन चिरत नाही. हातोड्याचे दांडे, फावड्याचे दांडे, क्रिकेटचे स्टंप याच लाकडाचे, घोडागाड्यांच्या चौकटीही याच्याच, आणि मोटारीच्या बॉडी बनवणारे सुरुवातीचे कारागीर घोडागाड्यांच्याच धंद्यातून आलेले. जे२ ची चासी मुद्दाम थोडी वळणारी आहे, मागे ॲक्सलच्या खालून जाणारी, आडव्या नळ्यांनी बांधलेली, आणि ती रस्त्यावर पिळली की वरची बॉडी पण तिच्यासोबत थोडी हलली पाहिजे. ॲश ती हालचाल सहन करतं.

वैरी एकच, पाणी. तळाच्या लांब पट्ट्या, दरवाजाचे खांब, आणि मागे टाकीच्या पुढचा आडवा भाग, या ठिकाणी पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये ओल साठून राहते, वरून रंग चकाचक आणि आत लाकडाचा भुसा. गाडी बघायला जाल तेव्हा दरवाजा अर्धा उघडून हलकेच वर उचला, खांबच हलत असेल तर समजून जा. हा खर्च इंजिनाच्या बरोबरीला जातो कारण लाकूड बदलायला पत्रा काढावा लागतो आणि जुना पत्रा धडपणे निघत नाही.

इथे बरेच जण सरळ पूर्ण नवीन चौकट घेतात आणि वर नवीन पत्रा, म्हणजे जुनी बॉडी भंगारात. मला हे बघवत नाही. आमच्या गाडीत जेवढं लाकूड ठणठणीत होतं तेवढं ठेवलं, कुजलेलं तेवढंच कापून नवीन ॲश सांध्याने जोडला. असं केलं की १९३४ च्या सुताराने पेन्सिलने केलेल्या खुणा आतल्या बाजूला तशाच राहतात, आमच्या एका आडव्या पट्टीवर आहेत त्या, आता सीटच्या मागे झाकल्या गेल्यात पण आहेत. अजून एक, ब्रिटनमध्ये २०१२ साली ॲशच्या झाडांवर डायबॅक नावाचा बुरशीचा रोग सापडला आणि झाडं मोठ्या प्रमाणावर मरतायत, चांगलं वाळवलेलं सरळ दोऱ्याचं ॲश पुढे किती सहज मिळेल याची चिंता हे काम करणारे आत्ताच बोलून दाखवतात. म्हणून जुनं लाकूड फेकताना दोनदा विचार करा.

चालवायला कशी आहे. सुरुवातीला कुणालाही वाटेल की काहीतरी बिघडलंय. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नाही, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळत नाही, डबल डीक्लच करायला लागतं, म्हणजे एका बदलाला क्लच दोनदा दाबायचा, खाली गिअर टाकताना मध्ये ॲक्सिलरेटरला बरोब्बर तेवढाच टोला, चुकलं तर दात वाजतात आणि फुटपाथवरचे लोक वळून बघतात. जमलं की मात्र त्यासारखं सुख नाही, छोटासा लिव्हर मनगटाने सरकतो आणि इंजिनाचा आवाज एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जातो. स्टिअरिंग थेट आहे, बोटभर फिरवलं की गाडी वळते. सस्पेन्शन म्हणजे पाटे आणि हार्टफर्डचे घर्षणाचे डँपर, इंग्लंडच्या गावाकडच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. पण ताशी ४५ मैलांवर, काच पाडलेली, दोन्ही बाजूंना उंच झुडपं, या गाडीत जेवढं चालवल्यासारखं वाटतं तेवढं आजच्या गाडीत त्याच्या दुप्पट वेगाला पण वाटत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

ब्रेक हा कमकुवत दुवा आहे, गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. केबलवर चालणारे आठ इंची ड्रम. एमजीची जाहिरातीतली ओळ होती सेफ्टी फास्ट, आणि त्याच कंपनीने पुढच्या पी-टाइपला बारा इंची ड्रम दिले, यावरून काय ते समजा. केबल नीट ग्रीस केलेल्या, चारही चाकं सारखी जुळवलेली आणि ड्रम गोल असतील तर गाडी थांबते, पण पुढच्या गाडीपासून लांब राहायची सवय लावावी लागते. हायड्रॉलिक ब्रेक बसवलेल्या जे२ पण बघितल्यात मी. रोज गर्दीत चालवायची असेल तर मी समजू शकतो, पण रोज गर्दीत चालवायला ही गाडी घेऊच नये. आम्ही केबल ठेवल्या आणि वेग त्या केबलच्या हिशोबाने ठेवतो.

आता त्या विषयाकडे येतो ज्यासाठी मुळात लिहायला बसलो. एमजीचा त्या वर्षांतला रेसिंगचा इतिहास इतका झगमगता आहे की साध्या जे२ ला लोक त्या उजेडात बघायला लागतात. फेब्रुवारी १९३१ मध्ये जॉर्ज आइस्टनने फ्रान्समधल्या माँलेरीच्या ट्रॅकवर एमजी चालवून ७५० सीसी वर्गात पहिल्यांदा ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी इंग्लंडातल्या ब्रुकलँड्स ट्रॅकच्या डबल ट्वेल्व्ह रेसमध्ये सी-टाइप एमजीने पहिले पाचही नंबर घेतले. ही रेस दोन दिवस बारा-बारा तासांची असायची कारण शेजारच्या रहिवाशांमुळे ब्रुकलँड्सला रात्री रेस करायला बंदी होती. मग १९३३ ला इटलीच्या मिल्ले मिलिया रेसमध्ये एमजीच्याच के३ मॅग्नेटने आपला वर्ग आणि टीमचं बक्षीस जिंकलं, आणि त्याच वर्षी अल्स्टरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) रेसमध्ये खुद्द ताझिओ नुव्होलारी या नामांकित इटालियन रेसरने के३ चालवून पहिला नंबर काढला. त्या टीटीत दुसरा कोण आला? ह्यू हॅमिल्टन, फक्त ४० सेकंद मागे, आणि त्याच्याकडे होती जे४, म्हणजे आपल्या जे२ ची सुपरचार्जर (इंजिनात जोराने जास्त हवा कोंबणारा पंप) लावलेली, ७४६ सीसीची बहीण.

अशा जे४ एकूण ९ बनल्या. नऊ. आणि आज रेसच्या पॅडॉकमध्ये जे४ सारख्या दिसणाऱ्या गाड्या बघितल्या तर कळतं की यातल्या बहुतेक कधीकाळी जे२ होत्या. दरवाजे काढून टाकले, बॉडी बदलली, सुपरचार्जर लावला, बाहेरून एक्झॉस्ट काढला. वेगवान आहेत, आवाज भारी आहे, चालवणाऱ्यांचं कौशल्य पण मोठं आहे, आणि रेसमध्ये मोडलेल्या गाडीला परत रेसचंच रूप दिलं तर त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, तो पण इतिहासच. पण धडधाकट, दरवाजेवाली, मूळ बॉडी असलेली जे२ घेऊन तिची नकली जे४ करणं म्हणजे उरलेल्या खऱ्या गाड्यांतली एक आपल्या हाताने कमी करणं. जे२ चं मोठेपण रेस जिंकण्यात नव्हतंच. एखाद्या शिक्षकाला, बँकेतल्या कारकुनाला, नुकत्या नोकरीला लागलेल्या पोराला दोनशे पौंडांच्या आत ते रेसवाले रक्त चाखायला मिळालं, त्या माणसाने सोमवारी हीच गाडी घेऊन कामावर जायचं आणि शनिवारी चिखलातल्या ट्रायलला उतरायचं, यात तिचं मोठेपण होतं. दरवाजे, टप, बाजूचे पडदे, मागे थोडंसं सामान, हे सगळं त्या गोष्टीचा भाग आहे. ते काढलं की गोष्टच पुसली.

कागदपत्रांकडे पण नीट लक्ष द्या. चासीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर आणि लॉगबुक जुळतात का बघा. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही, आणि मे २०१८ पासून एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, सक्तीही नाही, पण गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठे मूलभूत बदल केलेले असतील तर ती सूट मिळत नाही, त्यामुळे बदल करताना नियम वाचा. सक्ती नसली तरी वर्षातून एकदा एमओटी करून घ्या असं माझं मत, दुसऱ्या माणसाचे डोळे चांगले. एमजी कार क्लबचं ट्रिपल-एम रजिस्टर, म्हणजे मिजेट, मॅग्ना आणि मॅग्नेट या ओव्हरहेड कॅमवाल्या युद्धपूर्व गाड्यांचं, तिथे विचारलं की जुन्या नोंदी, जुने फोटो, आधीच्या मालकांचा माग अशी बरीच मदत होते. गाडी घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

पार्टची चिंता करू नका, या गाडीचं खरं भाग्य तेच. साध्या मॉरिसच्या आणि वुल्सलीच्या भागांपासून बनल्यामुळे आणि मालक मंडळी अजून जागी असल्यामुळे गॅस्केटपासून गिअरपर्यंत जवळपास सगळं कुणी ना कुणी बनवतंय. एसयू कार्ब्युरेटरचे पार्ट सॉल्सबरीच्या बर्लेनकडे मिळतात. पाने मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे लागतील, मेट्रिक पान्याने बोल्टचे कोपरे गोल करून ठेवणारे लोक बघितले की जीव तुटतो. पेट्रोल ई५ वालं (कमी इथेनॉलचं) सुपर घाला, सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय आणि त्यातलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबराला, सीलला आणि टाकीच्या आतल्या लेपाला खातं. पाइप असेही नवीन, इथेनॉल सोसणारे टाकून घ्या.

किंबरचं पुढे काय झालं तेही थोडं सांगतो. १९३५ मध्ये एमजी मॉरिस मोटर्सच्या थेट ताब्यात गेली, रेसिंग बंद केलं गेलं, ओव्हरहेड कॅमची इंजिनं पण संपली आणि १९३६ चं टीए मॉडेल साध्या पुशरॉड इंजिनावर (कॅमशाफ्ट खाली, दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) आलं. किंबरला १९४१ मध्ये कंपनीतून काढलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनजवळच्या रेल्वे अपघातात तो गेला. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० ला बंद झाला. म्हणजे ज्या थोड्याशा वर्षांत छोट्या पैशात खरं रेसिंगचं तंत्र मिळत होतं त्या वर्षांची ही गाडी आहे, आधी नाही, नंतर नाही.

शेवटचा मुद्दा मडगार्डचा, कारण घ्यायला निघालेले सगळे हाच विचारतात. आधीच्या जे२ ना सायकलसारखे चाकावर बसणारे छोटे मडगार्ड होते, १९३४ च्या सीझनसाठी पुढून मागे फूटबोर्डपर्यंत वाहत जाणारे लांब मडगार्ड आले. बाजारात आधीच्यांना जास्त मागणी, म्हणून लांब मडगार्डवाल्या कितीतरी गाड्यांचे मडगार्ड काढून त्यांना जुनं रूप दिलं गेलंय. आमची लांबवाली आहे आणि तशीच ठेवली. पावसात चिखल कमी उडतो, बाजूने रेघ सुंदर दिसते, आणि मुख्य म्हणजे तिचा चासी नंबर सांगतो की ती तशीच होती. तुम्ही बघताय ती गाडी सायकल मडगार्डवाली असेल तर चासी नंबरवरून ती कधी बनली हे रजिस्टरला विचारा, पुढच्या मडगार्डच्या जागी चासीला जुनी भोकं बुजवलेली दिसतात का ते टॉर्च मारून बघा, आणि विकणारा म्हणाला की लांब मडगार्ड अजून माळ्यावर पडलेत, तर ते पण किमतीत धरून घरी घेऊन या.